यंत्र माणसाची जागा घेईल का? तुर्काची पेटी आणि कातिबाची लेखणी

इसवीसन १७७० मध्ये व्हिएन्नाच्या शॉनब्रुन राजवाड्यात सम्राज्ञी मारिया थेरेसासमोर एक मोठी लाकडी पेटी ढकलत आणली गेली. पेटीमागे माणसाच्या उंचीचा एक पुतळा बसवला होता. डोक्यावर पगडी, अंगात पायघोळ झगा, डाव्या हातात लांब नळीची चिलीम. पेटीवर बुद्धिबळाचा पट मांडलेला. वुल्फगांग फॉन केम्पेलेन या दरबारी अधिकाऱ्याने पेटीची दारे एकेक करून उघडली आणि आत मेणबत्ती फिरवून दाते, चाके, कळसूत्रे दाखवली. मग दारे बंद केली, चावी दिली, पुतळ्याच्या हातातली चिलीम काढून घेतली. पुतळ्याने डावा हात उचलला आणि खेळायला सुरुवात केली. समोरचे दरबारी एकामागून एक हरले.

युरोपात हे यंत्र ‘तुर्क’ या नावाने गाजले. यंत्राला मुसलमानी पोशाख का? उस्मानी फौजांनी व्हिएन्नाला दोनदा वेढा घातला होता, १५२९ आणि १६८३ मध्ये. शंभर वर्षांत ती भीती ओसरली आणि तिची फॅशन झाली. तुर्की झगे, तुर्की वाद्ये, तुर्की कॉफी. मोझार्टने १७८२ मध्ये याच शहरात तुर्की महालात घडणारी संगीतिका सादर केली. ज्याची भीती वाटते पण ज्याच्याकडे पाहिल्याशिवाय राहवत नाही, असा परका माणूस म्हणजे तुर्क. विचार करणाऱ्या यंत्राला द्यायला त्या काळी याहून चांगला चेहरा सापडला नसता.

त्यात आणखी एक गंमत आहे. जो खेळ हा पुतळा खेळत होता, तो हिंदुस्थानातून इराणात, तिथून बगदादेत आणि अरबांमार्फत युरोपात गेलेला. नवव्या-दहाव्या शतकात अल-अदली आणि अस-सूली यांनी बगदादच्या अब्बासी दरबारात शतरंजवर ग्रंथ लिहिले. ‘अल्गोरिदम’ हा शब्द बगदादच्याच अल-ख्वारिज्मी या गणितज्ञाच्या नावाचा लॅटिन अपभ्रंश. आणि १२०६ मध्ये दियारबकीरच्या अर्तुकी दरबारातल्या अल-जजरी या कारागिराने पाण्यावर चालणाऱ्या यंत्रांचा सचित्र ग्रंथ पूर्ण केला. त्यात हत्तीच्या पाठीवरचे घड्याळ आहे, होडीत बसून वाजवणारे यांत्रिक वादक आहेत, राजाचे हात धुवायला पाणी ओतणारे सेवक-पुतळे आहेत. ‘सगळे आधी आपल्याकडेच होते’ असे मिरवण्याची हौस मला नाही. मुद्दा वेगळा आहे. अल-जजरीच्या या पुतळ्यांनी एकाही खऱ्या खिदमतगाराची नोकरी घालवली नसावी. दरबारात माणसे स्वस्त होती आणि असे यंत्र घडवणे महाग होते. हा हिशेब पुढे पुन्हा लागणार आहे.

तुर्काच्या पेटीत अर्थातच माणूस होता. सरकत्या बैठकीवर बसून तो दारे उघडली जातील तसा इकडून तिकडे सरकत असे. सोंगट्यांच्या तळाशी लोहचुंबक होते, त्यावरून वरची खेळी आत कळायची. आत त्याला मेणबत्ती लागे. तिचा धूर आणि वास लपावा म्हणून बाहेरही मेणबत्त्या लावून ठेवत. केम्पेलेनच्या मृत्यूनंतर योहान मेल्झेलने पेटी विकत घेतली. १८०९ मध्ये नेपोलियन तिच्यासमोर बसला आणि हरला. १८२० मध्ये लंडनमध्ये तिच्याशी हरलेला एक तरुण म्हणजे चार्ल्स बॅबेज, ज्याने नंतर संगणकाचा पहिला आराखडा काढला. अमेरिकी लेखक एडगर अॅलन पो याने १८३६ मध्ये लेख लिहून आत माणूस असल्याचे ओळखले. त्याची एक दलील फार मजेशीर आहे: खरे यंत्र असते तर ते नेहमी जिंकले असते. तुर्क कधीकधी हरतो, म्हणजे आत माणूसच आहे.

त्या पेटीत ८० वर्षांत अनेक उत्तम खेळाडू बसून गेले. टाळ्या पुतळ्याला मिळाल्या. शेवटच्या मोठ्या खेळाडूंपैकी विल्यम श्लुम्बर्जर १८३८ मध्ये हवानात पिवळ्या तापाने वारला. पेटी १८५४ मध्ये फिलाडेल्फियाच्या आगीत जळाली.

पेटी खरोखर रिकामी झाली तेव्हा

‘यंत्र माणसाला मागे टाकेल का आणि त्याची जागा घेईल का’ हा प्रश्न आज कृत्रिम बुद्धिमत्तेच्या निमित्ताने रोज विचारला जातो. विचारताना आपण एका श्वासात दोन प्रश्न विचारत असतो. मागे टाकणे ही एक गोष्ट आणि जागा घेणे ही दुसरी. इतिहासात या दोन गोष्टी बऱ्याचदा एकमेकींना ओळखही देत नाहीत.

मागे टाकण्याची गोष्ट बुद्धिबळातच घडली. १९५० च्या सुमारास अॅलन ट्युरिंगने बुद्धिबळ खेळण्याचे नियम कागदावर लिहून काढले. ते चालवू शकेल असा संगणक हाताशी नव्हता. म्हणून १९५२ मध्ये तो स्वतःच यंत्र झाला. समोर एक सहकारी बसला आणि ट्युरिंग कागदावर आकडेमोड करत, एकेका खेळीला अर्धा अर्धा तास घेत खेळत राहिला. डाव हरला. त्याच्याच बरोबर दुसऱ्या महायुद्धात काम केलेला गणितज्ञ आय. जे. गुड याने १९६५ मध्ये लिहिले की, माणसाहून हुशार यंत्र एकदा बनले की ते आपल्याहून हुशार यंत्र बनवेल आणि माणसाला पुढे शोध लावायची गरजच उरणार नाही. आज ज्या भीतीची चर्चा चालते, तिचा हा जुना दस्तऐवज.

फेब्रुवारी १९९६ मध्ये विश्वविजेता गॅरी कास्पारोव्ह आणि आयबीएमचे ‘डीप ब्लू’ समोरासमोर आले, तेही तुर्क जिथे जळाला त्याच फिलाडेल्फियात. कास्पारोव्हने ४-२ असा सामना जिंकला. मे १९९७ मध्ये न्यूयॉर्कला तो साडेतीन-अडीच असा हरला. डीप ब्लू सेकंदाला २० कोटी स्थिती तपासत होते. हरल्यावर कास्पारोव्हने संशय घेतला की एका डावात यंत्रामागून माणसाचा हात फिरला असावा. दोनशे सत्तावीस वर्षे उलटून गेली होती, पण जगातल्या सर्वात मोठ्या खेळाडूच्या मनात प्रश्न तोच होता, पेटीत कोण बसलेय?

पेटीत कोणी नव्हते. असलेच तर ते आधी येऊन गेले होते. डीप ब्लूला ग्रँडमास्टरांनी शिकवले होते, त्यात माणसांचे जुने डाव भरलेले होते. डिसेंबर २०१७ मध्ये ‘अल्फाझीरो’ आले आणि तेही संपले. त्याला फक्त नियम सांगितले गेले. माणसाचा एकही डाव न पाहता ते स्वतःशीच खेळत राहिले आणि काही तासांत त्या वेळच्या अव्वल बुद्धिबळ-संगणकाच्या पुढे गेले. म्हणजे ‘यंत्र शेवटी माणसानेच शिकवलेले असते’ हा आपला आवडता दिलासा निदान या पटावर तरी चालत नाही. मराठीने या खेळाला नाव दिलेय बुद्धिबळ. बुद्धीच्या बळात माणूस हरला, हे मान्य करून पुढे जायला हवे.

पुढे काय झाले? बुद्धिबळ संपायला हवे होते. उलट खेळणारे वाढले. सप्टेंबर २०२४ मध्ये बुडापेस्टच्या ऑलिम्पियाडमध्ये भारताने खुल्या आणि महिला अशा दोन्ही गटांत सुवर्ण जिंकले. त्या संघांत नाशिकचा विदित गुजराथी होता, नागपूरची दिव्या देशमुख होती. त्याच वर्षी गुकेश अठराव्या वर्षी विश्वविजेता झाला. या पोरांच्या खिशातला मोबाइलसुद्धा त्यांना सहज हरवू शकतो. ते त्याच्यासोबतच सराव करतात. तरी लोक माणसांचे डाव पाहायला येतात. स्पर्धेच्या दारात खेळाडूंची मेटल डिटेक्टरने झडती होते, कुणी यंत्र लपवून आत नेत नाही ना म्हणून. पो हयात असता तर त्याला या झडतीचे हसू आले असते.

अर्थात सगळ्यांना हे पेलले नाही. ‘गो’ या खेळातला कोरियाचा दिग्गज ली सेडोल २०१६ मध्ये यंत्राशी ४-१ हरला. तीन वर्षांनी निवृत्त होताना त्याने, आपण अव्वल झालो तरी एक अजिंक्य गोष्ट वर बसलेलीच राहणार, अशा अर्थाचे सांगितले. ही जखम खरी आहे. पण त्याची जागा कुणी घेतली नव्हती. त्याने ती सोडली.

कातिबाला कुणी हरवले नाही

आता दुसरी गोष्ट. इथे यंत्राने कुणालाही मागे टाकले नाही, तरी एका अख्ख्या पेशाची जागा घेतली.

उर्दू ज्या लिपीत लिहितात ती नस्तालिक चौदाव्या-पंधराव्या शतकात इराणात आकाराला आली. मीर अली तब्रेजी हे नाव तिचा जनक म्हणून घेतले जाते. मोगल दरबारात खुशनवीसाचा मान चित्रकाराहून कमी नव्हता. काश्मीरच्या मुहम्मद हुसेनला अकबराने ‘जर्रीन कलम’ म्हणजे सोन्याची लेखणी असा किताब दिला होता.

नस्तालिकची अडचण अशी की ती सरळ रेषेत चालत नाही. शब्द उजवीकडे वर सुरू होतो आणि डावीकडे उतरत जातो. एकच अक्षर शेजारी कोण आहे ते पाहून आकार बदलते. त्यामुळे सुट्या खिळ्यांच्या छपाईत ती बसेना. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात प्रयत्न झाले. मौलाना आझादांचा ‘अल-हिलाल’ १९१२ मध्ये खिळ्यांवर, नस्ख वळणात निघाला. पण सर्वसाधारण वाचकाला नस्तालिकच हवी होती.

वाट काढली ती शिळाछापाने. कातिब खास शाईने कागदावर लिहायचा, ते अक्षर जसेच्या तसे दगडावर उतरायचे आणि दगडावरून हजारो प्रती निघायच्या. गुटेनबर्गच्या यंत्राने युरोपातले नकलनवीस घरी बसवले. हिंदुस्थानात नेमके उलटे झाले. छापखाना आला आणि कातिबाला काम मिळाले. १८५८ मध्ये लखनौत सुरू झालेल्या नवलकिशोर प्रेसने कुराणापासून किस्स्यांपर्यंत जे छापले, त्यातला मोठा भाग कातिबांच्या हातचा. पुढे ऑफसेट आले तरी दगडाच्या जागी बटर पेपर आला, कातिब तसाच राहिला. छपाईच्या यंत्रासोबत तो दीडशे वर्षे नांदला. दैनिकाच्या कचेरीत रात्री बातम्यांचे कागद वाटून घेऊन ओळीने बसलेले कातिब, उशिरा आलेल्या बातमीसाठी मोकळी ठेवलेली जागा, मजकूर जास्त झाला तर अक्षरे एकावर एक चढवून ओळ बसवणे, कमी पडला तर अक्षराची कशीदा लांबवणे, हे सगळे १९८० पर्यंत मुंबईपासून लाहोरपर्यंत चालू होते.

१९८१ मध्ये कराचीचे मिर्झा अहमद जमील यांनी ब्रिटनच्या मोनोटाइप कंपनीसोबत ‘नूरी नस्तालिक’ तयार केले. ते स्वतः खुशनवीसांच्या घरातले. नूर अहमद या आपल्या वडिलांचे नाव त्यांनी त्या अक्षराला दिले. त्यांची युक्ती साधी आणि कमालीच्या कष्टाची होती. सुटी अक्षरे जोडायला यंत्राला जमत नाहीत ना? मग जोडलेले तुकडेच यंत्राला द्यायचे. उर्दूत त्यांना तरसीमे म्हणतात. असे हजारो तरसीमे त्यांनी एकेक करून लिहून काढले आणि ते यंत्राच्या स्मृतीत साठवले. त्याच वर्षी लाहोरहून ‘जंग’ हे दैनिक या अक्षरात निघाले. १९९४ च्या सुमारास दिल्लीत तयार झालेले ‘इनपेज’ आले आणि साध्या संगणकावर, साध्या ऑपरेटरला उर्दू पान लावता येऊ लागले.

बघता बघता वर्तमानपत्रांतून कातिब गेले. भेंडीबाजारात, मालेगावात, औरंगाबादेत लग्नाचे दावतनामे आणि दुकानांच्या पाट्या लिहिण्यापुरते काही उरले. चेन्नईचा ‘द मुसलमान’ हा १९२७ पासून निघणारा सायंदैनिक एकविसाव्या शतकातही हाताने लिहिला जात होता, म्हणून जगभरच्या पत्रकारांनी त्याच्यावर बातम्या केल्या. एखादी गोष्ट बातमी होते, तेव्हा ती नेहमीची राहिलेली नसते.

यंत्राचे अक्षर कातिबाहून सुंदर होते का? नाही. हे उर्दूचा कुठलाही जाणकार सांगेल, आणि मिर्झा साहेबांनीही असा दावा करायचे कारण नव्हते. एकाच ओळीत तोच शब्द तीनदा आला तर उत्तम कातिब तो जागेनुसार तीन प्रकारे लिहील. यंत्र तीनदा तोच शिक्का मारते. पण मालकापुढे प्रश्न सौंदर्याचा नव्हता. डझनभर कातिबांचा पगार आणि रात्रभराचे काम एका बाजूला, एक ऑपरेटर आणि काही तास दुसऱ्या बाजूला. शिवाय चूक सापडली तर पान पुन्हा लिहायचे नाही. वाचकाला पान वाचता येत होते, तेवढे पुरे होते.

यात नुसते नुकसानच झाले असे म्हणणे बेइमानी होईल. उर्दूची पुस्तके स्वस्तात आणि लवकर निघू लागली. उर्दू पडद्यावर आली, मोबाइलवर आली. त्या लिपीचे पुढचे आयुष्य त्या यंत्रानेच वाढवले. फक्त ज्यांनी आधीची दीडशे वर्षे ती लिपी जिवंत ठेवली होती, त्यांना त्या हिशेबात जागा नव्हती. आणि त्यांना घरी बसवणारे अक्षर एका खुशनवीसाच्याच हातचे होते. मिर्झा अहमद जमील यांना निदान नाव आणि मानसन्मान मिळाला.

हिशेब कोण लिहितो

कातिबांची गोष्ट एकटी नाही. इंग्लंडमध्ये १८११-१२ मध्ये नॉटिंगहॅमच्या विणकरांनी मोजे विणायच्या चौकटी फोडल्या, तेव्हा त्यांची एक मोठी तक्रार होती की या चौकटींवर हलका, उसवणारा माल काढून आमची मजुरी पाडली जाते. चौकटी फोडणाऱ्याला फाशी देणाऱ्या विधेयकाविरुद्ध फेब्रुवारी १८१२ मध्ये उमरावांच्या सभागृहात कवी बायरन बोलला. विधेयक मंजूर झाले. त्याचीच मुलगी अॅडा लव्हलेस. तिने १८४३ मध्ये बॅबेजच्या यंत्रावर टिपणे लिहिली आणि हे यंत्र स्वतःहून काही नवे निर्माण करत नाही, असे बजावले. बापाने पाहिला तो जागा घेण्याचा प्रश्न, लेकीने मागे टाकण्याचा. जगाला लेकीचा प्रश्न जास्त आवडला. त्यात तत्त्वज्ञान आहे, बेकारी नाही.

आपल्याकडे १८५७ नंतर उत्तर हिंदुस्थानातून मालेगाव-भिवंडीला आलेल्या मोमीन विणकरांचे हातमागही असेच गेले. इथे एक फरक पडला. बऱ्याच घरांनी मुंबईच्या गिरण्यांनी भंगारात काढलेले माग विकत घेऊन स्वतःच्याच घरात लावले. हातमागाची जागा यंत्रमागाने घेतली, पण काही काळ तरी यंत्र आणि माणूस एकाच छपराखाली, एकाच मालकीचे राहिले. ज्यांना माग घेता आला नाही ते दुसऱ्याच्या मागावर मजूर झाले. हाच पेशा, हेच शहर, हीच जमात, आणि नशीब वेगळे. यंत्राच्या हुशारीने ते ठरले नव्हते.

जिथे यंत्राने मागेही टाकले आणि जागाही घेतली, असेही पेशे आहेत. ‘कॉम्प्युटर’ हे कधीकाळी माणसाचे पद होते. राधानाथ सिकदर १८३१ मध्ये सर्वेक्षण खात्यात याच पदावर रुजू झाले आणि पुढे त्यांच्या आकडेमोडीतून एव्हरेस्ट हे जगातले सर्वात उंच शिखर ठरले. ते पद आज नाही. त्यासाठी कुणी अश्रू ढाळत नाही, मीही नाही.

आजच्या घडीला अनुवादक, उपसंपादक, चित्रकार, कॉल सेंटरमधली मुले विचारतात, हे यंत्र आमच्याहून हुशार होईल का? माझ्या मते त्यांनी कास्पारोव्हकडे पाहण्यापेक्षा कातिबाकडे पाहावे. यंत्राला त्यांच्याहून हुशार व्हायची गरजच नाही. मालकाला ‘चालेल’ वाटले, की झाले. आणि हे यंत्र शिकतेय ते त्यांच्याच लिहिलेल्या, काढलेल्या, बोललेल्या तरसीम्यांवर. फरक इतकाच की यावेळी त्यांची नावे कुणी विचारलेली नाहीत.

मोठी भीती, म्हणजे यंत्रे अखेर माणूसजातीलाच बाजूला सारतील ही, मी हसण्यावारी नेत नाही. या क्षेत्राचा पाया घालणाऱ्यांपैकी जेफ्री हिंटन यांनी २०२३ मध्ये मोकळेपणी बोलता यावे म्हणून गुगल सोडले, आणि अल्फाझीरोने दाखवलेय की पेटी खरोखर रिकामी असू शकते. पण त्या दिवसाची वाट पाहताना मधले दिवस निसटू नयेत. २००५ मध्ये अॅमेझॉनने एक सेवा सुरू केली. संगणकाला न जमणारी बारीकसारीक कामे, चित्रात काय आहे ते सांगणे, ओळ वाचून लिहिणे, जगभरातली माणसे घरी बसून काही सेंटांत करून देतात. नाव ठेवले ‘मेकॅनिकल टर्क’. यांत्रिक तुर्क. लपवाछपवीही नव्हती, जाहिरातीतच त्याला ‘कृत्रिम कृत्रिम बुद्धिमत्ता’ म्हटले होते. आजच्या यंत्रांना पाहायला शिकवणारा ‘इमेजनेट’ हा १ कोटी ४० लाख चित्रांचा साठा याच माणसांनी नावे देऊन उभा केला. या सेवेत काम करणाऱ्यांत भारतीयांची संख्या मोठी राहिली आहे.

सध्या संगणकाला जुनी उर्दू पुस्तके वाचायला शिकवण्याचे काम चालू आहे. इनपेजवर लावलेले पान यंत्र बऱ्यापैकी वाचते, कारण तिथे प्रत्येक तरसीमा ठरलेला आहे. शिळाछापाच्या पुस्तकाशी मात्र ते अडखळते. दर कातिबाचा हात निराळा, कुठे अक्षर चढवलेले, कुठे कशीदा ओढलेली, कुठे नुक्ता जागा सोडून पडलेला. म्हणून आधी कुणीतरी नस्तालिक वाचता येणारा माणूस बसवावा लागतो. तो पानाचे चित्र समोर ठेवून एकेक ओळ वाचतो आणि यंत्रासाठी ती पुन्हा टंकून देतो.